टाटा इन्स्टिट्यूटला आलेल्या नव्या पोरापोरींसाठी: आठवडा कसा काढायचा आणि रविवार कसा वाचवायचा

दरवर्षी ऑगस्टात सांगली, कोल्हापूर, पुण्याकडची काही नवी मंडळी बंगळूरला आमच्या इथे, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये (आयआयएससी), पीएचडीला येतात. पहिले काही दिवस कॅम्पसची झाडं बघण्यात जातात. मग जेवणाच्या टेबलावर हळूच प्रश्न येतो, ‘ताई, शनिवार-रविवारी तुम्ही करता तरी काय?’ प्रत्येकाला वेगळं सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी मिरजेची, जीवशास्त्राच्या लॅबमध्ये आहे. त्यामुळे उदाहरणं माझ्या कामातली येतील, पण मुद्दा सगळ्यांना लागू आहे: इथे रविवार कॅलेंडरमध्ये छापलेला असला तरी तो आपल्याला शुक्रवारी कमवावा लागतो.

शुक्रवारचं गणित

आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त वापरल्या जातात त्या एचईके २९३ सेल्स, माणसाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या, फ्लास्कमध्ये वाढवायच्या पेशी. ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्या साधारण दिवसाला दुप्पट होतात. त्यांना शनिवार कळत नाही. शुक्रवारी भरत आलेला फ्लास्क तसाच इनक्युबेटरमध्ये ठेवून गेलात तर रविवारपर्यंत त्या एकमेकींच्या अंगावर चढलेल्या असतात, लाल मीडिया (त्यांचं पोषक द्रव) पिवळा पडलेला असतो, आणि सोमवारचा प्रयोग गेला.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसायचं आणि सेल्स स्प्लिट करताना दहातला एकच भाग नव्या फ्लास्कमध्ये घालायचा. फ्लास्कचा तळ १० टक्के भरलेला असताना सुरुवात केली की शनिवारी संध्याकाळी २०, रविवारी ४०, सोमवारी ८०. ट्रान्सफेक्शनला, म्हणजे सेल्समध्ये बाहेरून डीएनए घालायला, सोमवार संध्याकाळ अगदी बरोबर. सोमवारी सकाळीच हव्या असतील तर सातात एक भाग घाला. फ्लास्कवर नाव, तारीख आणि पॅसेज नंबर (सेल्स कितव्यांदा स्प्लिट केल्या तो आकडा) टाका. निघण्याआधी गॅस सिलिंडरचा काटा बघा. हे शेवटचं काम कुणाच्याच वाटणीचं नसतं, म्हणून ते आपणच करायचं. एवढं केलं की मधले दोन दिवस सेल्सकडे फिरकायची गरज नाही.

केमिस्ट्रीवाल्यांचा शुक्रवार मोठ्या सामायिक यंत्रांवर स्लॉट लावण्यात जातो. एनएमआर, एक्सआरडीचा रविवारचा स्लॉट सहज मिळतो म्हणून घेऊ नका, तो सहज का मिळतो याचा विचार करा. कॉम्प्युटेशनवाल्यांचं बरं असतं, शुक्रवारी रात्री जॉब लावले की झालं. पण मग डोंगरावर बसून दर अर्ध्या तासाला फोनवर लॉगिन करून जॉब पुढे सरकला का ते बघतात. त्यापेक्षा लॅबमध्येच बसा, निदान तिथे पंखा आहे.

गाइडला सांगायचं कसं, हाही प्रश्न येतो. ‘रविवारी जाऊ का?’ असं विचारायचं नाही. ‘रविवारी मी नाही, सोमवारी दुपारपर्यंत डेटा देते’ असं सांगायचं, आणि सोमवारी दुपारी खरंच द्यायचा. असे दोन-तीन सोमवार पाळलेत की पुढे कुणी विचारत नाही.

पैसे, पास आणि पत्ता

जानेवारी २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० आहे. हॉस्टेल आणि मेस धरून हे पुरतं, थोडं उरतंही. मात्र कागदपत्रं, बँक खातं, सह्या होऊन पहिला हप्ता हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांची सोय घरून करून या.

मुलींसाठी एक खास गोष्ट. बसमध्ये बायका तिकिटाशिवाय बसताना दिसतील. ती शक्ती योजना, ११ जून २०२३ पासून सुरू आहे. कंडक्टर आधार बघतो आणि कर्नाटकातला पत्ता असेल तरच शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. आपल्या आधारवर मिरज किंवा सातारा असेल तर पैसे द्यावे लागतात. पाच-सहा वर्षं इथेच राहायचंय तर पत्ता बदलून घ्या, असं माझी रूममेट सांगते. मी बदललेला नाही. आईला ते रुचणार नाही. तिकीट काढते.

कंडक्टरला, रिक्षावाल्याला ‘आयआयएससी’ सांगून कधीकधी काही कळत नाही. ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणा. १९०९ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकारातून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर ही संस्था उभी राहिली. शंभर वर्षं उलटून गेली तरी गावाच्या तोंडी तेच नाव आहे. गावाला जे नाव सोयीचं तेच आपल्यालाही.

कन्नड लिपी पहिल्या महिन्यात शिकून घ्या. बोलता नाही आलं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे. बसच्या पाट्या, खानावळीचे फलक, गावच्या स्टँडवरचं वेळापत्रक सगळं त्यातच असतं, आणि देवनागरी येणाऱ्याला त्या अक्षरांची मांडणी ओळखीचीच असते: तीच बाराखडी, तशाच मात्रा. बोलण्यापुरतं ‘एष्टु’ (किती), ‘बेड’ (नको), ‘साकु’ (पुरे) आणि रिक्षात ‘इल्ले निल्लिसि’ (इथेच थांबवा). ‘साकु’ मेसमध्ये सगळ्यात आधी लागतं, कारण भाताचा डाव थांबवायला दुसरा उपाय नाही. आम्हा मिरजवाल्यांना थोडं कन्नड कानावरून येतं, पण ते बेळगाव-विजापूरकडचं. इथली माणसं ऐकून हसतात. हसू द्यावं, काम होतं.

जेवण

मेसचं जेवण वाईट नाही. सारू (रसमसारखं), हुळी (सांबारासारखी), पल्य (कोरडी भाजी), शेवटी मोसरन्न, म्हणजे दहीभात. घरचं वाटायला लागायला महिना जातो. दुसऱ्या महिन्यात मात्र भाकरीची आठवण यायला लागते आणि लोक ‘महाराष्ट्रीयन थाळी’ शोधत शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात. कशाला? ‘उत्तर कर्नाटक’ अशी पाटी असलेली खानावळ शोधा. बंगळूरभर आहेत. आत बसल्यावर पहिला प्रश्न असतो, रोट्टी ‘बिसि’ की ‘खडक’? बिसि म्हणजे तव्यावरून उतरलेली ज्वारीची गरम भाकरी. खडक म्हणजे वाळवून पापडासारखी झालेली, हाताने मोडताना आवाज येणारी. बरोबर एण्णेगायी, म्हणजे आपली भरली वांगी, फक्त तेल अंमळ जास्त. कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, त्यावर दही, कच्ची काकडी आणि मेथीची पानं. शेंगाचटणीवर दही घालून बोटाने कालवायचं आणि पहिला घास खडक रोट्टीचा घ्यायचा. सोलापूरचा एक ज्युनियर पहिल्यांदा आला तेव्हा जेवण संपेपर्यंत बोललाच नाही.

शनिवार संध्याकाळ

शनिवारी सकाळी ग्रुप मीटिंग, दुपारी उरलेली कामं. म्हणजे हातात राहते ती संध्याकाळ, आणि तिच्यासाठी मल्लेश्वरम पुरेसं आहे. कॅम्पसच्या त्या बाजूच्या गेटातून पायी निघा. सँकी तलावाला चक्कर मारा, मग आत गल्ल्यांमधून काडू मल्लेश्वर देवळाकडे. इथे मराठी माणसाने थांबावं असं कारण आहे. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. देवळाशी संबंधित शिलालेख १६६९ सालचा आहे आणि तो आहे त्यांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी यांनी देवाला गाव दिल्याचा. पुढे तंजावरचं राज्य स्थापन केलं तेच हे व्यंकोजी. शाळेत आपण शहाजीराजांना पुण्याची जहागीर सोपवून दूर कुठेतरी गेलेले बघतो. ते ‘दूर कुठेतरी’ म्हणजे हा भाग. देवळासमोर नंदीतीर्थ आहे, नंदीच्या मुखातून शिवलिंगावर पाणी पडतं. कार्तिकात इकडे कडलेकाई परिशे भरते, ओल्या-भाजक्या शेंगांची जत्रा. बसवनगुडीची मोठी, ही आटोपशीर. मला हीच आवडते.

मग आठव्या क्रॉसच्या बाजारातून फुलं, भाजी, स्टीलची भांडी बघत चाला. खायला वीणा स्टोअर्स: इडली, चटणी, उभ्याने, रस्त्यावर. सीटीआरचा बेण्णे (लोण्याचा) मसाला डोसा सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच शनिवारी संध्याकाळी तिथे जाऊ नये. तो मंगळवारी, प्रयोग फसल्यावर खायचा.

नाटकाची आवड असेल तर जे. पी. नगरला रंगशंकरा नाट्यगृह आहे. अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी उभं केलेलं, २००४ पासून सुरू. अधूनमधून मराठी प्रयोगही लागतात. साडेसात म्हणजे साडेसात. उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, मग तो कुणीही असो. शनिवारच्या ट्रॅफिकमध्ये कॅम्पसवरून तिथे पोचायला दीड तास हाताशी ठेवा. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, मॅजेस्टिकच्या मुख्य बसस्थानकापासून जवळ. गणपतीत तिथे जाऊन या. वर्षभर गेलात नाहीत तरी कुणी रागावत नाही, पण एकदा जाऊन ओळख करून ठेवलेली बरी.

अर्धा रविवार

झोप काढायची असेल तर ती खुशाल काढा, तोही रविवारचाच उपयोग आहे. पण सातला उठलात तर कॅम्पसजवळच्या यशवंतपूरहून हिरव्या लाइनची मेट्रो न बदलता लालबागला नेते. आत गेल्यावर ग्लास हाउसकडे सगळे जातात. तुम्ही आधी खडकावर चढा. वरचा तो छोटा बुरूज शहर वसवणाऱ्या केम्पेगौडाचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण खरी बघायची चीज पायाखाली असते. हा द्वीपकल्पीय नाइस जातीचा खडक सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वीचा आहे आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून त्याची नोंद आहे. भूशास्त्राच्या मित्राला बरोबर न्या, तो तासभर हलू देत नाही. खाली उतरल्यावर एमटीआर हे जुनं उपाहारगृह. रांग असते, नाव सांगून थांबायचं. ब्राह्मिन्स कॉफी बारची इडली-चटणी खायची असेल तर शनिवारी जा, रविवारी तो बंद असतो. हे माहीत नसलेले लोक दर रविवारी शटरसमोर फोटो काढताना दिसतात.

दुपारी चर्च स्ट्रीट. मॅजेस्टिकला जांभळी लाइन पकडून एमजी रोड. ब्लॉसम आणि बुकवर्ममध्ये जुन्या पुस्तकांचे ढीग आहेत. पाठ्यपुस्तकं बघू नका, त्या दिवसापुरती तरी.

पूर्ण दिवस

आता मुख्य गोष्ट. नवा माणूस आला की लगेच म्हणतो, नंदी हिल्सला सूर्योदय बघायला जाऊ. शनिवार-रविवारी तिथे पहाटे सूर्यापेक्षा गाड्या जास्त दिसतात. त्यापेक्षा पायथ्याचं भोगनंदीश्वर मंदिर बघा. नवव्या शतकापासूनचं काम आहे, मागे कल्याणी, म्हणजे देवळाचं तळं आहे, दगडी पायऱ्या चारही बाजूंनी पाण्यापर्यंत उतरतात. यलहंकावरून चिक्कबळ्ळापूरकडे जाणारी मेमू लोकल नंदी हाल्टला थांबते, तिथून देऊळ चालत जाण्यासारखं आहे. परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा, गाड्या मोजक्याच आहेत.

तुमकूर रस्त्यावर डाबसपेटजवळ शिवगंगे हा डोंगर आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांची सवय असलेल्याला दमवत नाही, पण शेवटचा टप्पा खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांचा आहे आणि वारा जोराचा असतो. गंगाधरेश्वराच्या लिंगावर तूप चोळलं की त्याचं लोणी होतं अशी तिथली श्रद्धा. पुजारी समोर करून दाखवतात. बायोकेमिस्ट्रीच्या माणसाने तिथे वाद घालू नये. माकडं फार, हातात प्लास्टिकची पिशवी नको. सावनदुर्ग पावसाळ्यात टाळा, तो सबंध एकच खडक आहे आणि शेवाळ धरतो. स्कंदगिरीचा ट्रेक वनखात्याच्या ऑनलाइन परवानगीशिवाय करू नका, ‘आमच्या ओळखीचा वाटाड्या आहे’ म्हणणाऱ्याबरोबर तर मुळीच नाही.

पण कुणी मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी श्रवणबेळगोळ सांगेन. बंगळूरहून साधारण दीडशे किलोमीटर. यशवंतपूरहून हासनकडे जाणाऱ्या काही गाड्या तिथे थांबतात, सगळ्या रोज नसतात. गाडी नसेल तर हासन रस्त्याची बस पकडून चन्नरायपट्टणला उतरायचं आणि तिथून गावच्या बसने बाराएक किलोमीटर. सकाळी लवकर निघणं महत्त्वाचं, कारण विंध्यगिरी, म्हणजे गोमटेश्वराचा डोंगर, अनवाणी चढायचा असतो. चपला खाली ठेवाव्या लागतात, पायऱ्या ग्रॅनाइटमध्येच कोरलेल्या आहेत आणि अकरानंतर तो दगड तापतो. जाड मोजे बरोबर न्या, चालतात. खालीही विकत मिळतात.

वर पोचून शेवटच्या दारातून आत गेलं की गोमटेश्वर एकदम समोर उभा राहतो. ५७ फूट, एकाच दगडातला. गंग घराण्याच्या राजांचा मंत्री चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस तो घडवून घेतला. सगळे मान वर करून चेहरा बघतात, फोटो काढतात, आणि निघतात. तुम्ही खाली बघा. पायांवर माधवीची वेल चढलेली आहे, दोन्ही बाजूंना वारुळं आहेत, त्यातून साप डोकावतायत. तिथेच, पायांशी, नागरी अक्षरात लिहिलंय: ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, म्हणजे चावुंडरायाने करवून घेतलं. पुढे ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’, भोवतीची ओवरी बाराव्या शतकात होयसळांचा सेनापती गंगराज याने बांधवली, त्याची ही नोंद. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी हा एक. चावुंडरायाने हे घडवल्याची तीच बातमी शेजारी कन्नडमध्ये आहे, तमिळमध्येही आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाचता यावं अशी सोय. गर्दी नसेल तर खाली वाकून अक्षरं लावायला पाचेक मिनिटं मिळतात. अभिषेक चालू असेल तर थांबा. माझ्याबरोबर एकदा चेन्नईची लॅबमेट होती. ती तिकडच्या बाजूला तमिळ लावत बसली, मी इकडे, आणि आमचा तिसरा कन्नड मित्र घड्याळ बघत उभा.

उतरल्यावर समोरच्या चंद्रगिरीवरही जा. चंद्रगुप्त मौर्याने अखेरचे दिवस इथे काढले अशी जैन परंपरा सांगते. तिथे गर्दी निम्म्याहून कमी असते आणि शिलालेख ढीगभर. गावातल्या जैन भोजनालयात कांदा-लसणाशिवायचं जेवण मिळतं. संध्याकाळी लवकर बंद होतं, सूर्यास्तानंतरच्या भुकेची सोय आपली आपण करावी.

म्हैसूर एका दिवसात होतं. रविवारी संध्याकाळी सातला राजवाड्यावर दिवे लागतात, तेवढं बघून रात्रीची गाडी पकडा. हंपीला मात्र एका रविवारात जाऊ नका. रात्रीच्या हंपी एक्सप्रेसने होस्पेटला उतरून, दिवसभर उन्हात पळून, पुन्हा रात्रीच्या गाडीने सोमवारी सकाळी लॅबमध्ये येणं शक्य आहे. लोक करतात. मग सोमवारी पिपेट कुठल्या ट्यूबमध्ये घातलं ते आठवत नाही. सोमवारची सुट्टी जोडून येईल तेव्हाच जा.

पैसे आणि दम दोन्ही संपलेले असतील तर कॅम्पसमध्येच रात्री जेवणानंतर चालायला निघा. झाडांच्या फांद्यांत लोरिस नावाचे छोटे प्राणी आहेत, रात्री फिरणारे, मोठ्या डोळ्यांचे, अगदी हळू सरकणारे. अंगावर प्रखर टॉर्च मारायची नाही. दिसतीलच असं नाही.

घरी जाताना

सांगली-मिरजेकडच्यांना राणी चन्नम्मा एक्सप्रेस. रात्री अकराच्या सुमारास बंगळूरहून निघते, यशवंतपूरला थांबते, हुबळी, बेळगाव करत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिरज. कोल्हापूर, सातारा, पुण्याच्या खासगी बसगाड्या तुमकूर रस्त्यानेच जातात, त्यामुळे शहरात आत न जाता यशवंतपूर भागातून चढता येतं. शुक्रवारी रात्री बसचं भाडं दुप्पट होतं, गुरुवारी निघता आलं तर बघा. सेल्सचं गणित मग एक दिवस आधी करायचं आणि त्याच प्रमाणात आणखी विरळ सोडायच्या.

रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस होते. गणपती आणि दिवाळीची तारीख बघून मागे साठ मोजा आणि त्या दिवशी सकाळी आठला कुठलाही प्रयोग लावू नका. आणि परत येताना भडंग आणाल तेव्हा दोन पाकिटं जास्तीची आणा. एक गाइडच्या ऑफिसात द्या, एक पँट्रीत ठेवा. लॅबच्या टेबलावर ठेवलंत तर सेफ्टीवाले उचलून नेतात, आणि ते परत देत नाहीत.